प्रकल्प नोंदी: दिवाळी अंक कानात (जून ते नोव्हेंबर २०२५)

२ जून

कामाला आज सुरुवात. आमच्या सांगलीच्या दिवाळी अंकाची ऐकायची आवृत्ती काढायची आहे. संपादककाकांकडे गेल्या तीन वर्षांत आलेली पत्रं आज पुन्हा चाळली. "मोतीबिंदूमुळे वाचवत नाही, पण अंक बंद करू नका" अशा अर्थाची पत्रं त्यांनी वेगळ्या फाइलला लावून ठेवली आहेत. फाइल चांगली जाड झाली आहे. हा प्रकल्प त्या फाइलसाठी आहे, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवते.

ठरलं ते असं: छापील अंक ३०० रुपये, ऐकायचा अंक २०० रुपये. आवाज मोनो, ४८ केबीपीएस. म्हणजे एका तासाला साधारण २२ एमबी. अंदाजे चौदा तासांचा मजकूर, सगळा मिळून ३०० एमबीच्या आसपास. खेडेगावात रेंज नसते, म्हणून एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही ऐकता आलं पाहिजे. त्यासाठी अ‍ॅप हवं.

माणसं तीन. मी कोड लिहिणार, एक तरुण सहकारी आवाजाचं काम बघणार, आणि काका. कायद्याचं काही अडलं तर वकीलवहिनी आहेत.

५ जून

पैशांचा हिशेब मांडला. प्ले स्टोअरवर डिजिटल वस्तू अ‍ॅपच्या आत विकली, की वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या उत्पन्नापर्यंत १५ टक्के शुल्क आहे. त्यापुढे ३० टक्के. आपण १५ टक्क्यांतच राहणार. २०० रुपयांतले ३० रुपये गेले.

आता दुसरी बाजू. हाच अंक, हेच लेख, पण कागदावर छापलेला अंक त्याच अ‍ॅपमधून विकला तर हे शुल्क शून्य. प्रत्यक्ष वस्तूंना प्ले स्टोअरची बिलिंग पद्धत लागूच होत नाही. काकांना हे दोनदा सांगावं लागलं. ते म्हणाले, "म्हणजे डोळ्यांनी वाचणाऱ्याकडून काही नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याच्याकडून पंधरा टक्के?" नियम असा बनवलेला नाही, पण आमच्या अंकापुरता त्याचा परिणाम तोच होतो.

काकांची हळदीच्या अडतीशी ओळख लहानपणापासूनची. त्यांचे वडील मार्केट यार्डात दिवाणजी होते. अडत घ्यायला त्यांचा विरोध नाही. अडत्या माल उतरवून घेतो, सौदा लावतो, पैशाची हमी घेतो. त्यांचा प्रश्न वेगळा होता: "गावात दुसरा यार्ड आहे का?" भारतातल्या सुमारे ९५ टक्के स्मार्टफोनमध्ये अँड्रॉइड आहे आणि त्यातल्या बहुतेकांवर प्ले स्टोअर आधीच बसवलेलं असतं. दुसरी दुकानं आहेत. तिकडे माणसांची पावलं वळत नाहीत, एवढंच.

११ जून

वकीलवहिनींकडे दुपारभर. बाजारातली मक्तेदारी रोखणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलविरुद्ध दिलेल्या दोन्ही आदेशांची छापील प्रत त्यांनी काढून ठेवली होती. मी आजवर फक्त बातम्यांचे मथळे वाचले होते आणि दोन्ही आदेश एकच समजत होते. ते वेगळे आहेत, आणि आपल्या कामासाठी हा फरक मोठा आहे.

पहिला २० ऑक्टोबर २०२२ चा. विषय अँड्रॉइडचा. फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर गूगलच्या अ‍ॅपचा सगळा गठ्ठा एकत्र लादला जातो, शोधयंत्र आधीच ठरलेलं असतं, वगैरे. दंड १,३३७.७६ कोटी रुपये. दुसरा त्यानंतर पाचच दिवसांनी, २५ ऑक्टोबरचा. विषय प्ले स्टोअरची बिलिंग सक्ती. दंड ९३६.४४ कोटी.

मी आकडे वहीत उतरवत होते. वहिनींनी पेन थांबवलं. "आकडा सोड. शेवटची पानं वाच, निर्देश तिथे असतात." खरंच तिथे होते. दुसऱ्या आदेशात: तिसऱ्या पक्षाची पैसे भरण्याची सोय वापरायला अ‍ॅप बनवणाऱ्यांना अडवायचं नाही. ग्राहकाशी बोलायला, त्याला सवलती सांगायला अडवायचं नाही. यूपीआयच्या बाबतीत एका अ‍ॅपला सोपी वाट आणि इतरांना लांबची वाट असं करायचं नाही. पहिल्या आदेशात तर आमच्यासाठी सोन्यासारखं एक वाक्य होतं: अ‍ॅप थेट स्वतःच्या संकेतस्थळावरून वाटण्याच्या, म्हणजे साइडलोडिंगच्या, विकासकांच्या (अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या) मुभेवर कोणत्याही प्रकारे बंधन घालायचं नाही. त्याच्या शेजारी आणखी एक: इतर अ‍ॅप दुकानांना प्ले स्टोअरमधूनच वाट द्यायची.

मी खूश झाले. वहिनी म्हणाल्या, उद्या ये, अपिलाचा निकाल वाचायचा राहिलाय.

१२ जून

अपिलाचा क्रम नीट लिहून ठेवते, कारण इथेच सगळं बदलतं.

१९ जानेवारी २०२३: सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने पहिल्या आदेशाला स्थगिती नाकारली. दंडाची दहा टक्के रक्कम भरायला सात दिवस दिले आणि अपील न्यायाधिकरणाने ३१ मार्चच्या आत निर्णय द्यावा असं सांगितलं. सहाच दिवसांनी, २५ जानेवारीला, गूगलने भारतासाठी बदल जाहीर केले. फोन कंपन्यांना एकेक अ‍ॅप वेगळं घेता येईल, ग्राहकाला शोधयंत्र निवडता येईल, पैसे भरताना दुसरा पर्याय दाखवता येईल.

२९ मार्च २०२३: राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने १,३३७.७६ कोटींचा दंड पूर्ण कायम ठेवला. वर्तमानपत्रांत तेच मोठ्या अक्षरांत आलं होतं. पण त्याच निकालात चार निर्देश रद्द झाले, आणि त्या चारांत आमची दोन्ही वाक्यं होती. साइडलोडिंगचं गेलं, दुसऱ्या दुकानांना आत वाट देण्याचंही गेलं.

हे वाचून बराच वेळ गप्प बसले. दंड सरकारी तिजोरीत जातो. सांगलीतल्या अंकाला त्यातला एक रुपया मिळायचा नसतो आणि मिळायचाही नाही. आमच्यासारख्याला हवं असतं ते शेवटच्या पानांवरचं, आणि अपिलात गळलं ते नेमकं तिथलंच. यापुढे या विषयावरची कुठलीही बातमी आली की आधी विचारायचं: निर्देश कोणते उरले?

बिलिंगच्या खटल्यातला अपिलाचा निकाल ताजा आहे, २८ मार्च २०२५ चा. बाजारातल्या वर्चस्वाच्या गैरवापराचा ठपका अंशतः राहिला, दंड ९३६.४४ वरून २१६.६९ कोटींवर आला.

२० जून

'पर्यायी बिलिंग' घ्यावं का, याचा हिशेब. ग्राहकाने प्ले स्टोअरऐवजी आपल्या पद्धतीने पैसे भरले तर शुल्क चार टक्क्यांनी कमी होतं. १५ चे ११. २०० रुपयांवर २२ रुपये दुकानाला. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्या पेमेंट गेटवेचा दर २ टक्के, म्हणजे ४ रुपये. एकूण २६. आधी ३० जात होते.

चार रुपये वाचतात. त्यासाठी दुसरी बिलिंग जोडायची, दोन्हीकडचे हिशेब जुळवायचे, पैसे परत करायची जबाबदारी आपली, तक्रारींना उत्तरं आपण द्यायची. काकांना पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी चार रुपयांभोवती गोल काढला आणि पाटी पुसली. पर्यायी बिलिंग घ्यायचं नाही.

रात्री उत्सुकता म्हणून बाहेरचे देश पाहिले. सगळीकडे हेच. दक्षिण कोरियाने ३१ ऑगस्ट २०२१ ला जगातला पहिला कायदा केला, बिलिंगची सक्ती बंद. त्यानंतर दुसऱ्या पद्धतीने पैसे भरायला परवानगी मिळाली, पण शुल्क ३० वरून २६. नेदरलँड्समध्ये डेटिंग अ‍ॅपपुरता आदेश झाला, अ‍ॅपलने पर्याय दिला, शुल्क २७ टक्के. तिथल्या नियामकाने दर आठवड्याला ५० लाख युरो असा दहा आठवडे दंड लावला, पाच कोटी युरो झाले. कुलूप काढायला लावलं तरी नाका तिथेच राहतो.

अमेरिकेत मात्र या वर्षी काही वेगळं घडलं. एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने अ‍ॅपलवर केलेल्या खटल्यात न्यायाधीश इव्हॉन गोंझालेझ रॉजर्स यांनी २०२१ मध्येच सांगितलं होतं की अ‍ॅपच्या आतून बाहेरच्या दुव्याकडे नेण्यापासून अ‍ॅपलने अडवू नये. अ‍ॅपलने दुवे दिले आणि बाहेरच्या खरेदीवर २७ टक्के लावले. ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायाधीशांनी हा आदेशाचा अवमान ठरवला आणि बाहेरच्या खरेदीवर शुल्क घ्यायला मनाई केली. निर्देश देणारीच व्यक्ती चार वर्षांनी मागे वळून पाहते, दिलेला निर्देश पाळला गेला की फक्त पाळल्यासारखा दाखवला गेला हे तपासते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. आपल्या आयोगाकडे एवढं मनुष्यबळ असायला हवं.

६ जुलै

आषाढी. रेकॉर्डिंग चालू. तीन कथा आणि एक प्रवासलेख झाला. पावसाचा आवाज पत्र्यावरून येतो, खोली बदलायची.

१५ जुलै

प्ले स्टोअरचं विकासक खातं काढलं, एकदाच २५ डॉलर. संस्थेच्या नावाने काढायचं तर डी-यू-एन-एस क्रमांक, म्हणजे संस्था-कंपन्यांना मिळणारा ओळख क्रमांक, लागतो. आपला अंक नोंदणीकृत संस्था नाही, म्हणून वैयक्तिक खातं.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना एक अट आहे: अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सामील असलं पाहिजे. आधी ही संख्या २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये १२ केली. अट वाईट नाही. फसवी अ‍ॅप रोज नव्या खात्याने चढवणाऱ्यांना ती जड जाते. पण बारा माणसं, बारा अँड्रॉइड फोन, बारा जीमेल पत्ते, आणि चौदा दिवस कुणीही मध्येच बाहेर पडायचं नाही, हे जमवताना घाम निघाला. वाचनकट्ट्यावरच्या काकू-आजी धावून आल्या. दोघींना स्वतःचा जीमेल पत्ता आहे हेच माहीत नव्हतं. नातवांनी काढून दिलेला होता.

२२ जुलै

आज अडकलो, आणि चूक माझी.

मी दोन वाटा ठेवल्या होत्या. एक अ‍ॅप प्ले स्टोअरच्या चाचणीत, एक आपल्या संकेतस्थळावर एपीके, म्हणजे दुकानाशिवाय थेट फोनवर बसवायची अ‍ॅपची फाइल. सहकाऱ्याच्या फोनवर संकेतस्थळावरचं अ‍ॅप होतं. त्यावर चाचणीतली नवी आवृत्ती चढवायला गेला तर फोनने नकार दिला.

कारण असं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, आणि नवी आवृत्ती जुन्यावर चढायची तर दोन्हींची सही जुळावी लागते. प्ले स्टोअरवर नवं अ‍ॅप नोंदवताना सहीची किल्ली दुकानानेच तयार करावी असा पर्याय मी घाईत स्वीकारला होता. संकेतस्थळावरच्या एपीकेवर मात्र माझी किल्ली. फोनच्या दृष्टीने ही दोन वेगळ्या माणसांची अ‍ॅप झाली. ग्राहकाला जुनं काढून नवं टाकावं लागलं असतं, आणि उतरवून ठेवलेले चौदा तास पुसले गेले असते.

उपाय: नवं पॅकेज नाव घेऊन पुन्हा नोंदणी, या वेळी माझी किल्ली दिली. सगळ्या वाटांवर एकच सही. चौदा दिवस मात्र पुन्हा पहिल्यापासून. काकू-आजींना फोन करून माफी मागितली.

लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये: किल्ली स्वतःकडे ठेवा. आज एकाच दुकानात जात असलात तरी. उद्या दुसऱ्या दुकानात जायचं ठरलं तर आपलाच ग्राहक आपल्याबरोबर येऊ शकेल की नाही, हे या एका फाइलवर ठरतं. कायद्याने कितीही दारं उघडली तरी ही किल्ली हातात नसली तर आपण आतच.

९ ऑगस्ट

दुसऱ्या चाचणीचे चौदा दिवस पूर्ण. पंधरा माणसं घेतली होती, चौदा टिकली.

काल सर्वोच्च न्यायालयाने बिलिंगच्या खटल्यातली अपिलं दाखल करून घेतली. गूगलचंही, आयोगाचंही. सुनावणी नोव्हेंबरमध्ये. २०२२ च्या ऑक्टोबरमधला आदेश आणि २०२५ चा नोव्हेंबर. या तीन वर्षांत आमच्यासारखे किती प्रकल्प सुरू झाले, किती बंद झाले असतील. वहिनी म्हणतात, घाईत दिलेला निकाल टिकत नाही. तेही पटतं. पण आधी तपास, मग आदेश, मग अपील, मग त्यावर अपील ही रीत रोज बदलणाऱ्या बाजाराला पुरत नाही.

युरोपने म्हणूनच रीत उलटी केली. डिजिटल मार्केट्स कायद्यात आधी 'द्वारपाल' कोण ते ठरवायचं, त्यांची कर्तव्यं आधीच लिहून ठेवायची. सप्टेंबर २०२३ मध्ये नावं ठरली, ७ मार्च २०२४ पासून कर्तव्यं लागू झाली, आणि त्यामुळे आयफोनवर पहिल्यांदा अ‍ॅपलखेरीज दुसऱ्यांची अ‍ॅप दुकानं आली. आपल्याकडेही तसा मसुदा आहे, डिजिटल स्पर्धा विधेयकाचा. मार्च २०२४ मध्ये समितीच्या अहवालासोबत प्रसिद्ध झाला. भारतात ४,००० कोटींची उलाढाल किंवा तशाच इतर मोठ्या आर्थिक कसोट्यांपैकी एक, आणि जोडीला एक कोटी वापरकर्ते किंवा १०,००० व्यावसायिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना तो लागू होईल. अजून मसुदाच आहे. माझं मत असं: कायदा यावा, आणि त्यात लहान विकासकाला वकील न लावता तक्रार करता येईल अशी मराठीसह भारतीय भाषांतली खिडकी असावी. वहिनींसारखी माणसं सगळ्यांच्या शेजारी राहत नाहीत.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. घरात मखराची गडबड, आणि सहकाऱ्याचा सकाळीच मेसेज: "ताई, हे वाचलंत का?"

गूगलने काल जाहीर केलं की यापुढे प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणारं प्रत्येक अ‍ॅप ओळख पडताळलेल्या विकासकाचं असावं लागेल. प्ले स्टोअरच्या बाहेरून, थेट संकेतस्थळावरून घेतलेलंसुद्धा. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, २०२७ पासून पुढे जगभर. एफ-ड्रॉइड हे मुक्त अ‍ॅपचं भांडार अशाच बाहेरच्या वाटेवर उभं आहे.

आपल्यापुरतं बघायचं तर आपली ओळख आधीच दिलेली आहे, तेव्हा अडचण नाही. पण १२ जूनची नोंद पुन्हा उघडली. साइडलोडिंगवर बंधन नको हा निर्देश टिकला असता, तर आज या घोषणेवर आयोगाला विचारायला काहीतरी हातात असतं.

२ सप्टेंबर

एपीके संकेतस्थळावर ठेवायचं की नाही, यावर आज तिघांचं दोन तास बोलणं. मी ठेवायच्या बाजूने होते. मोकळी वाट असावी, हा माझा आग्रह जुना आहे.

सहकाऱ्याने आपल्या आत्याची गोष्ट सांगितली. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके आली, तिने उघडली, आणि खात्यातले पैसे गेले. ई-चलानच्या नावानेही असेच गंडवतात. आमचा श्रोता सत्तरीचा. त्याला आम्ही सांगणार: सेटिंगमध्ये जा, अनोळखी अ‍ॅपला परवानगी द्या, इशारा येईल तो ओलांडा. आज आमच्यासाठी त्याने ते केलं, तर पुढच्या वेळी चोरासाठीही करेल. त्याचा हात आम्ही वळवलेला असेल.

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. मोकळ्या वाटेचा हक्क असावा, हे मी अजूनही म्हणते. ती वाट जाणत्यांसाठी, शिकणाऱ्यांसाठी, दुकानाने नाकारलेल्यांसाठी उघडी राहायला हवी, आणि ती उघडी ठेवणं कायद्याचं काम आहे. पण आपल्या आजीला त्या वाटेने अंधारात पाठवणं हे आमचं काम नाही. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत.

निर्णय: एपीकेचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच पाठवायचा नाही. संकेतस्थळावरही मुखपृष्ठावर नाही. प्ले स्टोअर आणि इंडस अ‍ॅपस्टोअर अशा दोन दुकानांत अ‍ॅप ठेवायचं. इंडस हे फोनपेचं दुकान, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेलं. त्याच्या पाट्या मराठीतही आहेत आणि स्वतःची पैसे भरण्याची सोय वापरली तर कमिशन नाही.

१२ सप्टेंबर

न्यू जर्सीतून काकांच्या पुतणीचा फोन. तिथे आपल्या अंकाचे जुने वाचक आहेत, बहुतेकांकडे आयफोन. आयफोनवर भारतात किंवा अमेरिकेत अ‍ॅप स्टोअरखेरीज वाट नाही. विकासक खात्याला वर्षाला ९९ डॉलर. थोड्या श्रोत्यांसाठी दरवर्षी एवढे परवडत नाहीत.

म्हणून वेब अ‍ॅप केलं. सफारीत संकेतस्थळ उघडायचं, 'होम स्क्रीनवर जोडा' म्हणायचं, की चिन्ह येतं आणि अ‍ॅपसारखं चालतं. पण नेट नसताना चौदा तासांचा साठा टिकेलच याची खात्री तिथे देता येत नाही, म्हणून दोन-दोन लेखांचे छोटे भाग केले. या वाटेच्या बाबतीतही २०२४ च्या सुरुवातीला युरोपात धाकधूक झाली होती. नव्या कायद्याचं कारण देऊन अ‍ॅपलने तिथे होम स्क्रीनवरची वेब अ‍ॅप काढायचं ठरवलं, आरडाओरडा झाला, आणि १ मार्चला निर्णय मागे घेतला. दोन आठवड्यांत लोकांच्या आवाजाने जे झालं त्याला कोर्टात तीन वर्षं लागली असती.

२५ सप्टेंबर

आजचा दिवस काकांचा.

प्रश्न असा होता. प्ले स्टोअरच्या नियमांत एक वाट आहे: अ‍ॅपमध्ये विक्री ठेवायचीच नाही. बाहेर पैसे भरलेल्या माणसाने अ‍ॅपमध्ये येऊन फक्त ऐकायचं. अशा अ‍ॅपला शुल्क नाही. मात्र पैसे भरायच्या बाहेरच्या जागेकडे अ‍ॅपमधून नेता येत नाही. मग नव्या माणसाला कळणार कसं की अंक कुठे घ्यायचा? अ‍ॅप उघडेल, कोड मागेल, तो बिचारा गोंधळेल आणि काढून टाकेल.

मी आणि सहकारी ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप समूह, फेसबुक असं काय काय मोजत होतो. काका अंकाचा डमी चाळत होते. मधेच म्हणाले, "मुखपृष्ठाच्या आतलं पान अजून रिकामं आहे. तिथे तो चौकोन छापता येतो का?"

छापील अंकाचं पान कुठल्याही दुकानाच्या नियमात येत नाही. त्यावर क्यूआर छापायचा, संकेतस्थळाकडे जाणारा. तिथे यूपीआयने २०० रुपये, गेटवेचे ४ वजा, आपल्याला १९६. पैसे भरले की सहा आकडी कोड, तो अ‍ॅपमध्ये टाकायचा. ज्याला दिसत नाही त्याच्या घरी अंक बहुधा येतोच, मुलगा-सून-नात चौकोन स्कॅन करतील. क्यूआर आणि खाली मोठ्या टायपात फोन क्रमांक: "जमत नसेल तर फोन करा, आम्ही करून देऊ."

मार्च २०२४ मध्ये कुकू एफएम, भारत मॅट्रिमनी, नोकरी.कॉम अशी मोठी अ‍ॅप शुल्काच्या वादात प्ले स्टोअरवरून काढली गेली. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव मध्ये पडल्यावर काही दिवसांत परत आली. त्यांच्यासाठी मंत्री बोलले. आपलं अ‍ॅप कधी निघालं तर कोणी बोलणार नाही, पण अंकाच्या आतलं पान शिल्लक राहील. ग्राहकांची यादी आपल्या वहीत आहे, दुकानाच्या नाही.

१२ ऑक्टोबर

अंक छापून आला. क्यूआर पाच वेगवेगळ्या फोनवर तपासला. एका जुन्या फोनवर चमकदार कागदामुळे वाचला जात नव्हता, तिरका धरल्यावर झाला. पुढच्या वर्षी तेवढं पान मॅट.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. काम बंद. फोन क्रमांकावर मात्र सकाळपासून काकू बसल्या होत्या. मिरजेच्या एका बाईंनी विचारलं, "कथेला मागं कसं न्यायचं?" मागे जायचं बटण लहान आहे. मोठं करायचं.

२९ ऑक्टोबर

बटण मोठं केलं, आवाजाचा वेग कमी करायची सोय मुख्य पडद्यावर आणली. दोन्ही दुकानांत आणि वेबवर एकाच दिवशी नवी आवृत्ती. सही एकच असल्यामुळे कुणाचंही उतरवलेलं पुसलं गेलं नाही.

कोड घेणाऱ्यांतले बहुसंख्य छापील पानावरून आले. इंडसवरून आलेले थोडे. तरी तिथे राहायचं. दुसरं दुकान आपण चालू ठेवलं नाही तर ते चालणार नाही.

१४ नोव्हेंबर

विकासकांच्या पडताळणीबद्दल नवी घोषणा. जाणत्या वापरकर्त्यांसाठी, धोका समजून पडताळणी नसलेलं अ‍ॅप बसवता येईल अशी वेगळी वाट ठेवणार, असं गूगल आता म्हणतंय. विद्यार्थी आणि हौशी विकासकांसाठी थोड्याच फोनपुरतं खातंही. एफ-ड्रॉइड आणि जगभरच्या विकासकांनी आवाज उठवल्यावर हे झालं. वाट कशी आहे ते प्रत्यक्ष दिसल्यावरच कळेल: किती पडदे, किती इशारे, शेवटी दार उघडतं का. २ सप्टेंबरला मी जे मनात म्हणत होते त्याच्या हे जवळ आहे. फरक एवढाच की हे एका कंपनीने दिलेलं आहे आणि तीच ते परत घेऊ शकते.

वहिनींना सांगितलं की आपण आयोगाला आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाला एक साधं पत्र लिहू. अर्धं पान आपला हिशेब: छापील अंकावर शून्य, ऐकायच्या अंकावर तीस रुपये, पर्याय घेतला तर सव्वीस. अर्धं पान मागणी: अ‍ॅपमधून स्वतःच्या संकेतस्थळाचा पत्ता सांगायची मुभा. वहिनी मसुदा करणार, काका भाषा बघणार.

१८ नोव्हेंबर

पत्राचा मसुदा झाला. काकांनी 'विकासक' शब्द तीन ठिकाणी खोडून 'अ‍ॅप बनवणारे' केला.

राहिलेली कामं: श्रोत्यांच्या नोंदवहीची दुसरी प्रत. पुढच्या अंकासाठी मॅट कागदाचा नमुना. सहीच्या किल्लीच्या फाइलच्या दोन प्रती दोन पेनड्राइव्हवर केल्या. एक वकीलवहिनींच्या लोखंडी कपाटात, एक काकांनी पत्रांच्या जाड फाइलच्या मागच्या खिशात ठेवली. पासवर्ड कागदावर लिहून माझ्याकडे.